हातात चमकतं, फोटोत काळवंडतं: मिक्स्ड मीडियाच्या फोटोंचं जुनं दुखणं

रंग, कागद, कापड, वर्ख असं सगळं एकत्र करून मिक्स्ड मीडियाची कामं करणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते, शब्द तेवढे बदलतात. "वर्ख काळा दिसतोय." "कोलाज अगदी सपाट, छापल्यासारखा वाटतो." "निळ्याचा जांभळा झाला." "मधोमध पांढरा पट्टा येतोय, काही केल्या जात नाही." काम हातात घेतलं तर झकास असतं: हातकागदाचा खरखरीतपणा, जुन्या पैठणीच्या काठाची लकाकी, शाईचे ओघळ, पंचांगाच्या पानावरची पुसट अक्षरं. फोटोत यातलं निम्मंसुद्धा उतरत नाही. मग सॅच्युरेशन ओढायचं, फिल्टर चढवायचा, 'शार्पन' पार टोकाला न्यायचं. पुढच्या कामाला पुन्हा तेच.

माझं मत आधीच सांगून टाकते. हा बिघाड बहुतेक वेळा फोनमध्ये नसतो, ॲपमध्ये तर क्वचितच. मिक्स्ड मीडियात एकाच कागदावर चमकणाऱ्या आणि न चमकणाऱ्या गोष्टी शेजारी नांदतात. काम बघताना आपण नकळत मान हलवतो, दोन डोळ्यांना किंचित वेगळी प्रतिबिंबं दिसतात, आणि त्यावरून मेंदू ठरवतो की हे चमकतंय. कॅमेऱ्याला एकच डोळा, तोही खिळलेला. म्हणून इलाज करायचा तो कामावर पडणाऱ्या प्रकाशावर आणि कामाच्या शेवटच्या थरावर. एडिटिंग त्यानंतर, आणि तेही चिमूटभर.

आधी बिघाड कुठे शिरला ते शोधा

फोटो काढल्यावर गॅलरीतला मूळ फोटो कामाच्या शेजारी धरा आणि त्याच उजेडात दोन्ही बघा. इथेच फरक दिसला तर दोष प्रकाशाचा, कामाच्या पृष्ठभागाचा किंवा कॅमेऱ्याच्या सेटिंगचा. गॅलरीत ठीक आणि पोस्ट केल्यावर मातेरं, तर दोष अपलोडचा. तुमच्या फोनवर ठीक आणि बहिणीच्या फोनवर भडक, तर दोष स्क्रीनचा. बऱ्याच फोनचा डिस्प्ले कारखान्यातूनच 'व्हिव्हिड' मोडवर येतो आणि लाल-हिरवे रंग फुगवून दाखवतो. स्वतःच्या फोनचा डिस्प्ले 'नॅचरल'वर ठेवा, नाहीतर तुम्ही ज्या रंगांवर समाधानी होताय ते फक्त तुमच्याच खिशात असतात.

ही तपासणी फार थोडे लोक करतात. सगळा राग सरळ इन्स्टाग्रामवर काढायचा, ही आपली पद्धत.

वर्ख, बेगड, जरी काळी का पडते

एक गोष्ट आधी वगळा: वर्ख खरोखरच काळा पडलाय का? चांदीचा वर्ख हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे काळवंडतो. बाजारात स्वस्तात मिळणारं 'सोनेरी पान' बहुधा पितळेचं, म्हणजे तांबं आणि जस्ताचं असतं. त्यावर संरक्षक थर दिला नाही तर ते तपकिरी-हिरवट होतं, आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत जरा लवकरच. ॲल्युमिनियमचं पान मात्र असं काळं पडत नाही. काम खिडकीशी नेऊन तिरकं करून बघा. कुठल्यातरी कोनात वर्ख लखलखला तर तो शाबूत आहे, आणि काळेपणा फक्त फोटोत आहे.

तो येतो कुठून? गुळगुळीत धातू हा आरसाच असतो. त्याला स्वतःचा रंग थोडाच, बाकी समोर जे असेल ते तो दाखवतो. तुम्ही काम टेबलावर ठेवून वरून फोटो काढता तेव्हा वर्खासमोर काय असतं? तुमचा काळा फोन, तुमचा हात, संध्याकाळच्या खोलीचं अंधारं छत. वर्ख इमानाने तेच दाखवतो. लोक मग आणखी दिवे लावतात, पण ते दिवे वर्खाला 'दिसत' नसतील तर काही उपयोग नाही. उलट बाकीचं काम उजळतं आणि वर्ख त्याच्या तुलनेत आणखी काळा होतो.

म्हणून वर्खाला बघायला काहीतरी पांढरं द्या. थर्मोकोलची किंवा फोमबोर्डची शीट घ्या, मधोमध फोनच्या लेन्सपुरतं भोक पाडा, शीट कामाला समांतर धरा आणि त्या भोकातून फोटो काढा. उजेड बाजूने येऊन शीटवर आणि कामावर, दोन्हीवर पडला पाहिजे. काळा वर्ख एकदम सोनेरी होतो. पण इथे एक खोच आहे. वर्खाला सगळीकडे एकसारखं पांढरं दिसलं तर तो पिवळ्या पोस्टर कलरसारखा मठ्ठ दिसतो. धातू धातू वाटतो तो त्यावरच्या उजेड-सावलीच्या उतरणीमुळे. तेव्हा शीट जरा सरकवून वर्खाच्या एका भागात पांढरं आणि दुसऱ्या भागात अंधार पडेल असं करा. डोळा लेन्सच्या जागी नेऊन, दुसरा मिटून बघा. जे दिसेल तेच फोटोत येणार.

चुरगळलेला किंवा उठावावर चिकटवलेला वर्ख सपाट वर्खापेक्षा सोपा असतो. उठावाचा प्रत्येक उतार वेगळ्या दिशेला बघतो, त्यामुळे कुठला ना कुठला भाग उजेड पकडतोच. मराठा राजांच्या आश्रयाने बहरलेल्या तंजावर शैलीतलं सोनं असंच खडूच्या लुकणाच्या उठावावर बसवलेलं असतं, आणि मंद दिव्यातही ते चमकतं. तुमच्या कामात वर्खाचा मोठा सपाट तुकडा असेल आणि फोटोची फार चिंता असेल, तर खाली मॉडेलिंग पेस्टचा, म्हणजे उठाव देणाऱ्या घट्ट लुकणासारख्या पेस्टचा, पातळ खडबडीत थर द्या. कामातही बिघडत नाही, बहुतेकदा सुधारतंच.

जरीच्या काठाचं गणित निराळं. धागा गोल असल्यामुळे तो उजेड एका रेषेत फाकतो. काठ प्रकाशाला आडवा ठेवला तर चमकतो, उभा ठेवला तर विझतो. काम नव्वद अंशांत फिरवून दोन्ही फोटो काढा, चांगला निघेल तो ठेवा आणि नंतर फोनमध्ये सरळ करा.

आणखी एक. गडद नीळ आणि त्यावर वर्ख, अशा कामात फोन गडद भाग बघून फोटो आपणहून उजळवतो, आणि वर्ख पांढराफटक होतो. स्क्रीनवर वर्खाच्या भागावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड 'लॉक' होईल. मग सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. पांढऱ्या कागदावरच्या हलक्या कामाचं उलटं: फोन त्याला करडं करतो, म्हणून चिन्ह वर ओढायचं.

चकाकीचे धब्बे: हा दोष कामातच असतो

पांढरा पट्टा जात नाही म्हणणाऱ्यांची कामं तिरकी धरून बघितली की उत्तर सापडतं. फेविकॉल जिथे कडेने बाहेर आला आणि बोटाने पसरवला गेला, तिथे पारदर्शक चकचकीत पापुद्रा तयार झालेला असतो. शेजारी पोस्टर कलर, तो पूर्ण मॅट, म्हणजे बिनचमकीचा. त्याच्या शेजारी ॲक्रिलिक, अर्धवट चमकणारं. वर ऑइल पेस्टल, मेणचट. समोरून डोळ्यांना हे कळत नाही. पण बाजूचा प्रकाश आला की फेविकॉलचे धब्बे उठून दिसतात आणि खालचा रंग खातात.

इलाज दोन. पुढच्या कामापासून फेविकॉल कागदाच्या मागे, कडेपर्यंत, पातळ लावा. बाहेर आलेला ओला असतानाच ओलसर फडक्याने टिपा. वर पुन्हा रंगकाम होणार असेल तर फेविकॉलऐवजी मॅट जेल मीडियम, म्हणजे ॲक्रिलिकचं बिनरंगी घट्ट माध्यम, वापरलेलं बरं. साधा पांढरा फेविकॉल वाळल्यावरही पाण्याने मऊ होतो, आणि वरून ओला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, दिला की कागद उचलला जातो.

झालेल्या कामावर मॅट व्हार्निश किंवा मॅट मीडियमचा एकसारखा थर देता येतो, पण डोळे उघडे ठेवून. मॅटपणा येतो तो व्हार्निशमधल्या बारीक कणांनी उजेड विखुरल्यामुळे, आणि तेच कण काळ्या-निळ्या रंगांवर दुधाळ साय धरतात. नीळ जितकी गडद, तितकं हे जाणवतं. मी स्वतः पूर्ण मॅटऐवजी सॅटिन, म्हणजे किंचित चमकीचं, पसंत करते: धब्बे जातात आणि काळा काळाच राहतो. वर्खावर मात्र मॅट कधीच नाही. वर्खाचा भाग सोडून ब्रशने लावा.

कोरड्या पेस्टलवर ब्रश फिरवू नका, रंग फरफटेल. फिक्सेटिव्हचे, म्हणजे पेस्टल धरून ठेवणाऱ्या स्प्रेचे, हलके फवारे दूरून मारा, आणि रंग थोडा गडद होणार हे धरून चाला. ऑइल पेस्टलवर पाण्याचं काहीच बसत नाही. तेलकट थर शेवटी, हा क्रम मोडला की वरचं ॲक्रिलिक आज ना उद्या पोपडा धरून निघतं.

आणि पावसाळ्यात स्प्रे व्हार्निश मारायची घाई करू नका. हवा दमट असली की वाळताना त्यावर पांढुरकी धूसर छटा येते. लोक तिला फोटोतलं धुकं समजून 'डीहेझ' लावत बसतात.

कागद वाकला की पट्टा आलाच

चकाकीचा पट्टा कधीकधी गोंदामुळे नसतो, कागदाच्या पोटामुळे असतो. एकाच बाजूला ओले थर चढले की ते वाळताना आक्रसतात आणि कागद रंगाच्या बाजूला वळतो. वळलेल्या कागदाचा कुठला ना कुठला भाग प्रकाश थेट लेन्समध्ये फेकणारच. २०० जीएसएमच्या (कागदाच्या जाडी-वजनाचं माप) आतला कागद मिक्स्ड मीडियाला पुरत नाही. ३०० किंवा त्याहून जाड घ्या, किंवा आधी बोर्डवर चिकटवा. वळलेलं काम सरळ करायला पाठीवर स्पंजने किंचित ओल द्या, दोन्हीकडे सिलिकॉनचा बेकिंग पेपर ठेवा, दोन प्लायच्या मध्ये दाबा आणि निवांत विसरून जा. पाठीवरही तेच मीडियम पातळ लावलं की दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते.

बेकिंग पेपर लिहिला तो उगाच नाही. ॲक्रिलिकचे पृष्ठभाग वाळल्यावरही एकमेकांना चिकटतात, दमट हवेत आणि वजनाखाली तर हमखास. वर्तमानपत्र मध्ये घातलंत तर कामावर उलटी अक्षरं उमटतील. काहींना ते आवडतंही, पण मग ते ठरवून केलेलं बरं.

सपाट दिसतंय? दिवा बाजूला न्या

कॅमेऱ्याकडून थेट कामावर येणारा प्रकाश, म्हणजे फ्लॅश किंवा डोक्यावरची ट्यूब, सगळ्या सावल्या मारून टाकतो. आणि पोत म्हणजे तरी काय, बारीक सावल्याच. काम खिडकीच्या शेजारच्या भिंतीला लावा, खिडकीसमोर नको. खिडकीतला उजेड कामावरून घसरत गेला पाहिजे. गोधडीच्या टाक्यांना, सुतळीला, फाडलेल्या कागदाच्या कडांना लगेच उठाव येतो. लांबची बाजू फार काळोखी झाली तर तिकडे पांढरी कार्डशीट उभी करा. अगदी जवळ नको, नाहीतर पुन्हा सपाट.

आपल्याकडचं ढगाळ आभाळ या कामाला फार चांगलं. जून ते सप्टेंबर कागदाला वाईट आणि कॅमेऱ्याला उत्तम. उन्हाळ्यात थेट ऊन टाळा, बाल्कनीतली सावली चालते, पण तिथला उजेड निळसर असतो हे लक्षात ठेवा.

पोताचे फोटो दोन काढा. एक पूर्ण कामाचा, मवाळ उजेडात, रंग खरे दिसतील असा. दुसरा अगदी तिरक्या उजेडात, जवळून, फक्त एका कोपऱ्याचा. दोन्ही गुण एकाच फोटोत मिळवायच्या नादात दोन्ही जातात.

रंग बदलतात ते का

सर्वात मोठं कारण मिश्र उजेड. एकीकडून खिडकी, वरून पिवळा एलईडी. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा मोठा तितका तो निळसर: खिडकीचा उजेड साधारण ५५०० ते ६५०० केल्विनचा, पिवळा दिवा २७०० ते ३००० चा. कामाच्या डाव्या अर्ध्याला एक रंग, उजव्याला दुसरा, आणि फोन मधलंच काहीतरी पकडतो. हे नंतर कुठल्याही ॲपमध्ये नीट दुरुस्त होत नाही. एकच उजेड ठेवा, बाकीचे बंद. दिवाच वापरायचा तर खोक्यावर सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेला घ्या. त्याखालच्या स्वस्त दिव्यांत लाल रंग मरगळतो, आणि आपल्या कामांत कुंकवाचा लाल असतोच.

पांढरा ठरवायला लोक झेरॉक्सचा कागद ठेवतात. त्यात पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात, आणि दिवसाच्या उजेडात तो निळसर चमकतो. त्यावरून ॲपमध्ये पांढरा निवडला तर सगळं काम पिवळं पडतं. त्यापेक्षा नळ दुरुस्त करताना लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप घ्या, चार-सहा पदरांत घडी करून कार्डावर चिकटवा आणि कामाच्या कडेला ठेवून एक फोटो काढा. तो पांढरा जवळजवळ निखळ असतो. स्नॅपसीड या फोटो एडिटिंग ॲपच्या व्हाइट बॅलन्समधलं रंग उचलायचं साधन त्यावर टेकवा, जे बदल होतील तेच खऱ्या फोटोलाही लावा. प्लंबिंगच्या दुकानात कवडीमोलाने मिळणारी वस्तू आहे ही.

काही रंग मात्र येणारच नाहीत. निऑन गुलाबी, निऑन हिरवा हे अदृश्य अतिनील किरण आणि निळसर उजेड घेऊन तो स्वतःच्या रंगात बाहेर टाकतात, कागदापेक्षा जास्त उजळ दिसतात. झगझगीत फिरोजी तर साध्या स्क्रीनच्या रंगकक्षेतच बसत नाही. इथे सॅच्युरेशन वाढवलं तर रंग वाढत नाही, त्यातल्या छटा मात्र एकमेकींत मिसळून सपाट डाग होतो. जो आहे त्यावर भागवा.

ओल्या ॲक्रिलिकचा फोटो काढून "रंग बदलला" म्हणणारेही भेटतात. ओलं असताना त्यातलं माध्यम दुधाळ असतं, वाळल्यावर पारदर्शक होतं, आणि रंग गडद होतो. फोटोची त्यात काही चूक नाही.

फोनबद्दल थोडक्यात

लेन्स पुसा. जवळ जाऊन मोठा करू नका, मागे सरा आणि २एक्स लेन्स असेल तर ती वापरा. जवळून काढलेल्या चौकोनी कामाच्या कडा फुगतात. सीन ऑप्टिमायझर, ब्यूटी, नाइट मोड बंद. नाइट मोड फोटोतले रवाळ ठिपके घालवताना हातकागदाचे तंतूही साफ करतो. ग्रिड चालू करून कडा जुळवा, आणि फोन टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावा.

गॅलरीत ठीक होतं, पोस्ट करताच बिघडलं

आधी विचारा, फोटो आला कुठून? मुलाने काढला, व्हॉट्सॲपवर पाठवला, तिथून सेव्ह केला, मग इन्स्टाग्रामवर टाकला. म्हणजे तो दोनदा दाबला गेला, फाइल लहान करताना बारकावे गेले. हा प्रकार इतका सर्रास चालतो की मी पहिला प्रश्न हाच विचारते. व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, तो मूळ अवस्थेत जातो. 'एचडी'ने पाठवलेलाही दाबला जातो, फक्त कमी.

इन्स्टाग्राम फोटो १०८० पिक्सेल रुंदीपर्यंत दाखवतो. त्याहून मोठा टाकलात तर लहान करायचं काम ते स्वतःच्या मर्जीने करतं, आणि पहिला बळी जातो तो कमी फरकाच्या छटांचा: ओल्या वॉशची उतरण पायऱ्या-पायऱ्यांची होते, पांढऱ्यावर पांढरा पोत पुसला जातो. स्वतःच १०८० रुंदीला आणून, जेपीईजी चांगल्या दर्जाची ठेवून टाका. सेटिंग्जमधल्या 'मीडिया क्वालिटी'त जाऊन सर्वोच्च दर्जाने अपलोड करण्याचा पर्याय चालू करा.

प्रोफाइलची जाळी २०२५पासून ३:४ या उभ्या आकाराची झाली आहे. जुने चौकोनी फोटो तिथे डावी-उजवीकडून कापलेले दिसतात. कोलाजच्या कडेलाच तुमचा ऐवज असेल, तर कामाभोवती भिंतीची किंवा साध्या कागदाची मोकळी जागा ठेवून ३:४ मध्ये बसवा. चौकोनी काम ताणून उभं करू नका, लोकांना कळतं.

रील्समध्ये पट्टे फिरतात

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोन सेकंदाला ३० फ्रेम्सवर (चित्रांवर) चित्रित करत असला की दोघांचं गणित जुळत नाही आणि काळे पट्टे सरकताना दिसतात. व्हिडिओ सेटिंगमध्ये २५ फ्रेम्स निवडा, प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. दिवसा खिडकीपाशी चित्रित केलं तर हा प्रश्नच येत नाही.

वर्खासाठी रील हाच खरा उपाय आहे, फोटो नव्हे. काम स्थिर, फोन स्थिर, आणि पांढरी शीट किंवा दिवा हळूहळू एका बाजूने दुसरीकडे. वर्खावरून उजेड सरकतो आणि बघणाऱ्याला चमक कळते. मग उजेड तसाच उलटा परत आणा. फोन हलवू नका, हलणारा फोन फोकस शोधत राहतो आणि पोत वितळतो.

काम विकायचं असेल तर हाच व्हिडिओ, एकही फिल्टर न लावता, गिऱ्हाइकाला वेगळा पाठवा. सोबत दिवसाच्या उजेडातला पूर्ण कामाचा फोटो डॉक्युमेंट म्हणून द्या, आणि निऑन किंवा फिरोजी वापरलं असेल तर तो रंग प्रत्यक्षात जास्त तेज आहे, हे पैसे घेण्याआधी लिहून कळवा.